दूरसंचार : स्पर्धा आणली, आता ती टिकवणार कोण?

३ जुलै २०२४ रोजी जिओ आणि एअरटेल या देशातील दोन सर्वात मोठ्या दूरसंचार कंपन्यांचे वाढीव दर एकाच दिवशी लागू झाले. जिओचा २८ दिवसांचा सर्वात स्वस्त रिचार्ज १५५ रुपयांवरून १८९ रुपयांवर गेला, तर एअरटेलचा १७९ वरून १९९ वर. व्होडाफोन-आयडियाने दुसऱ्याच दिवशी तीच वाट धरली. महानगरातल्या नोकरदाराला ही वाढ जाणवलीही नसेल. परंतु कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यातील मुरगूडसारख्या वेदगंगेकाठच्या गावात हिशेब वेगळा असतो. ऊस आणि दूध यांवर चालणाऱ्या चार माणसांच्या घरात आज चार मोबाइल असतात. महिना २८ दिवसांचा धरल्यामुळे वर्षात बारा नव्हे, तेरा वेळा पैसे भरावे लागतात. १८९ रुपयांचा रिचार्ज चार फोनांवर तेरा वेळा मारला की आकडा ९,८२८ रुपयांवर जातो. त्यातही इंटरनेट नावापुरतेच मिळते.

कोणी म्हणेल, परवडत नसेल तर फोन वापरू नये. हा युक्तिवाद वीस वर्षांपूर्वी कदाचित चालला असता. आज सातबारावर पीक नोंदवायचे तर ई-पीक पाहणीचे ॲप लागते, किसान सन्मानचा हप्ता हवा तर मोबाइलवर ओटीपी यावा लागतो, बँकेतून पैसे काढले तर संदेश मोबाइलवर येतो, आणि कारखान्यावर गेलेल्या उसाचे वजनही अनेक ठिकाणी एसएमएसनेच कळते. शासनानेच नागरिकाचा प्रत्येक व्यवहार मोबाइलशी बांधला आहे. तेव्हा मोबाइल ही चैन उरलेली नाही. रस्ता, वीज, पाणी यांच्या पंक्तीत ती सेवा बसली आहे. अशा सेवेचा दर दोन दिवसांत तिन्ही खासगी कंपन्यांनी वाढवावा आणि ग्राहकाला जाण्यासाठी दुसरे दार जवळजवळ नसावे, ही स्थिती दूरसंचार क्षेत्र खुले करताना कोणालाच अभिप्रेत नव्हती. म्हणूनच या प्रश्नाकडे केवळ महागाईचा प्रश्न म्हणून न पाहता स्पर्धेचा प्रश्न म्हणून पाहिले पाहिजे.

ट्रंक कॉलचे दिवस

आजच्या पिढीला खरे वाटणार नाही. परंतु १९९४ साली केंद्र सरकारने पहिले राष्ट्रीय दूरसंचार धोरण जाहीर केले, तेव्हा साऱ्या देशात सुमारे ८० लाख टेलिफोन होते आणि २५ लाख लोक प्रतीक्षायादीत उभे होते. शंभर माणसांमागे एक फोनही भरत नव्हता. पावणेसहा लाखांहून अधिक खेड्यांपैकी जेमतेम एक लाख चाळीस हजार खेड्यांत फोन पोहोचला होता. पोस्टात जाऊन ट्रंक कॉल नोंदवायचा, घाई असेल तर जादा पैसे भरून लाइटनिंग कॉल लावायचा, आणि एवढे करूनही पलीकडचा आवाज ऐकू येईल याची खात्री नाही, असा तो काळ होता. घरी फोन मिळावा म्हणून खासदारांच्या शिफारसपत्रासाठी खेटे घालणारी माणसे प्रत्येक तालुक्यात होती. अर्ज बापाने भरावा आणि फोन मुलाच्या काळात लागावा, हा विनोद राहिला नव्हता, अनुभव झाला होता.

ही मक्तेदारी सरकारी होती. १८८५ च्या तार कायद्याने इंग्रजांनी संदेशवहनाचा एकाधिकार सरकारकडे ठेवला, तो स्वातंत्र्यानंतरही तसाच राहिला. १९८४ साली सॅम पित्रोदा यांच्या पुढाकाराने सी-डॉट ही संस्था उभी राहिली आणि भारतीय हवामानात, वातानुकूलनाशिवाय चालणारी ग्रामीण एक्स्चेंजे भारतीय अभियंत्यांनी बनवली, ही त्या काळातील अभिमानाची गोष्ट. गावोगावी पिवळ्या फलकांचे एसटीडी बूथ उभे राहिले, त्यांवर अनेक अपंग बांधवांचे संसार चालले. परंतु यंत्र देशी झाले तरी दुकान एकच होते. दुकान एक असले की दुकानदार ग्राहकाला रांगेत उभे करतो. मग तो दुकानदार सरकार असो की सावकार.

दार उघडले, पण दोघांसाठीच

१९९४ च्या धोरणानंतर खासगी कंपन्यांना मोबाइलचे परवाने मिळाले. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले. तो देशातील पहिला मोबाइल संवाद ठरला. पुढच्याच वर्षी याच सुखराम यांच्या घरी केंद्रीय अन्वेषण विभागाच्या छाप्यात कोट्यवधींच्या नोटा सापडल्या. भारतातील दूरसंचार उदारीकरणाचा पाळणा हलला तो असा.

परंतु भ्रष्टाचाराइतकाच मोठा दोष रचनेत होता. प्रत्येक परिमंडळात फक्त दोन कंपन्यांना परवाना द्यायचा, अशी योजना होती. मुंबई वगळून उरलेला महाराष्ट्र आणि गोवा मिळून जे परिमंडळ झाले, त्यात बिर्ला-एटी अँड टी आणि बीपीएल या दोनच कंपन्या उतरल्या. लिलावात कंपन्यांनी आवाक्याबाहेरच्या बोली लावल्या आणि ते परवाना शुल्क भरता भरता त्यांचीच दमछाक झाली. त्याची वसुली ग्राहकाच्या खिशातून होणार हे उघड होते. गर्दीच्या वेळी बोलण्याचा दर मिनिटाला १६ रुपये ८० पैशांपर्यंत ठरवून दिलेला होता, आणि येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. सरकारी एकाधिकार मोडण्याचा गाजावाजा होऊनही सामान्य माणसाच्या हाती काहीच लागले नाही. एकाऐवजी दोन दुकाने झाली, दोन्ही तितकीच महाग.

हे चक्र फिरले ते १९९९ मध्ये. अटलबिहारी वाजपेयी यांच्या सरकारने नवे दूरसंचार धोरण आणले. ठोक परवाना शुल्काऐवजी कंपन्यांनी उत्पन्नातला वाटा द्यावा, अशी सवलत दिली गेली. यावर त्या वेळी पुष्कळ टीका झाली. करारात हरलेल्यांना सरकारने वाचवले, असे म्हटले गेले. ती टीका सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु सवलतीच्या बदल्यात सरकारने एक महत्त्वाची अट पदरात पाडून घेतली होती, तिची आठवण आज फार थोड्यांना आहे. दोघांचाच बाजार राहील, हा हक्क कंपन्यांनी सोडून द्यायचा, ही ती अट. त्यानंतर २००१ मध्ये चौथे परवाने लिलावाने दिले गेले. त्यात महाराष्ट्राचा परवाना भारती समूहाकडे गेला. १ ऑक्टोबर २००० रोजी जन्मलेल्या भारत संचार निगमने, म्हणजे बीएसएनएलने, ऑक्टोबर २००२ मध्ये तिसरी कंपनी म्हणून मोबाइल सेवा सुरू केली. डिसेंबर २००२ मध्ये रिलायन्स इन्फोकॉम उतरली. मे २००३ पासून येणारा फोन मोफत झाला. मार्च २००६ मध्ये बीएसएनएलने देशात कुठेही एक रुपयात एक मिनिट बोलण्याची योजना आणली.

१९९९ च्या धोरणाने ग्रामीण भागात शंभर माणसांमागे ०.४ फोन होते ते २०१० पर्यंत ४ व्हावेत, असे उद्दिष्ट ठेवले होते. प्रत्यक्षात २०१० मध्ये हा आकडा २४ च्या आसपास पोहोचला. सरकारी योजना उद्दिष्टाच्या सहापट पुढे गेल्याची उदाहरणे आपल्या देशात विरळाच. हे श्रेय कोणा एका कंपनीचे नाही, की एका मंत्र्याचे नाही. रामविलास पासवान, प्रमोद महाजन, अरुण शौरी या मंत्र्यांच्या काळात निर्णयांवर वाद झाले. मर्यादित फिरतीच्या सेवेआडून रिलायन्सला मागच्या दाराने मोबाइल बाजारात आणले, हा आक्षेप तर न्यायालयापर्यंत गेला. तरीही एक गोष्ट निर्विवाद आहे. दर पडले ते दुसरी कंपनी आल्यावर नव्हे, तर तिसरी आणि चौथी आल्यावर.

झोनबंदीचा धडा

मुरगूडच्या शेतकऱ्याला हे अर्थशास्त्र शिकवण्याची गरज नाही. ऊस कोणत्या कारखान्याला घालायचा हे झोनबंदीने ठरवलेले होते, तो काळ जुन्या पिढीने पाहिला आहे. गावाचा कारखाना ठरलेला. तो देईल तो दर आणि तो तोडील तेव्हा तोड. झोनबंदी उठली आणि चित्र पालटले. आज कागल तालुक्यातच बिद्री, कागलचा शाहू, हमीदवाड्याचा मंडलिक कारखाना आणि बेलेवाडी काळम्म्याचा संताजी घोरपडे असे कारखाने आहेत. सीमेपलीकडे निपाणीचा हालसिद्धनाथही आहे. एकाने पहिली उचल जाहीर केली की इतरांना मागे राहता येत नाही. सहकारी कारखाना आणि खासगी कारखाना शेजारी शेजारी असल्याने दोघेही एकमेकांना ताळ्यावर ठेवतात.

यातली खोच लक्षात घेण्यासारखी आहे. निव्वळ खासगी कारखाने असते आणि त्यांनी एकत्र बसून दर ठरवला असता, तर झोनबंदी उठूनही शेतकऱ्याच्या हाती धुपाटणेच आले असते. निव्वळ एकच सहकारी कारखाना असता, तर तो गावकीच्या राजकारणात अडकला असता. पर्याय अनेक असावेत, त्यांचे मालक वेगवेगळ्या प्रकृतीचे असावेत आणि काटा तपासणारा कोणीतरी तटस्थ असावा, या तीन गोष्टी जुळल्या तरच बाजार शेतकऱ्याचा राहतो. दूरसंचाराला हेच तीन निकष लावून पाहावेत.

सीमेपलीकडचे रोमिंग

मुक्त बाजार कागदावर कितीही मोकळा असला तरी त्याला कुंपण कोण आणि कुठे घालतो, यावर ग्राहकाचे नशीब ठरते. याचे उत्तम उदाहरण मुरगूडच्याच परिसरात आहे. मुरगूडहून निपाणी वीसेक किलोमीटर. भाषा मराठी, सोयरीक एकमेकांत, तंबाखू आणि गूळ यांचा व्यापार पिढ्यान्‌पिढ्यांचा. परंतु राज्यपुनर्रचनेत निपाणी कर्नाटकात राहिली आणि दूरसंचाराची परिमंडळेही राज्यांच्या हद्दीवर आखली गेली. परिणामी मुरगूडचा कोड ०२३२५, तर निपाणीचा ०८३३८. आणि मोबाइल आला तेव्हा मुरगूडचे सिम निपाणीच्या बाजारात पाय ठेवताच परदेशी झाले. येणाऱ्या फोनलाही पैसे पडू लागले. सीमेलगतच्या वाड्यावस्त्यांवर तर घरात बसून फोन कर्नाटकच्या मनोऱ्यावर जाई आणि कानावर कानडी निवेदन पडे. सीमाभागातील मराठी माणसाच्या वाट्याला आलेल्या अनेक गैरसोयींत ही एक नवी भर होती.

बीएसएनएलने १५ जून २०१५ पासून देशभर रोमिंगमध्ये येणारा फोन मोफत केला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ रोमिंग शुल्काशिवायच बाजारात उतरली आणि २०१७ पर्यंत इतर खासगी कंपन्यांनाही देशांतर्गत रोमिंगचे शुल्क सोडावे लागले. म्हणजे सीमेवरचे हे कुंपण कोणत्याही आयोगाने वा आंदोलनाने पाडले नाही. ते पाडले सरकारी कंपनीच्या पुढाकाराने आणि नव्या स्पर्धकाच्या धक्क्याने. स्पर्धा जिवंत असली की काय घडू शकते, याचा हा पुरावा मानावा.

डझनभरांवरून चारांवर

मग ही स्पर्धा आटली कशी? त्याची सुरुवात १० जानेवारी २००८ रोजी झाली. दूरसंचार मंत्री ए. राजा यांच्या खात्याने एकाच दिवशी १२२ परवाने २००१ च्या दराने वाटले. देशभराच्या परवान्याची किंमत होती १,६५८ कोटी रुपये. ज्यांना दूरसंचाराचा गंधही नव्हता अशा कंपन्यांनी परवाने मिळवले आणि लगोलग परदेशी भागीदारांना हिस्से विकले. स्वान टेलिकॉममध्ये संयुक्त अरब अमिरातीची एतिसलात आली, एस टेलमध्ये बहारीनची बाटेलको आली. नोव्हेंबर २०१० मध्ये महालेखापरीक्षकांनी या व्यवहारातील संभाव्य तोटा एक लाख ७६ हजार कोटींपर्यंत असल्याचे म्हटले. २ फेब्रुवारी २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व १२२ परवाने रद्द केले. फौजदारी खटल्यात डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयाने सर्व आरोपींना निर्दोष सोडले आणि त्यावरील अपील दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये सुनावणीसाठी दाखल करून घेतले. कायद्याच्या दृष्टीने प्रकरण असे अधांतरी आहे. परंतु बाजाराच्या दृष्टीने निकाल केव्हाच लागला. काही परिमंडळांत दहा-बारा कंपन्या उभ्या करून निर्माण केलेली ही सूज होती, प्रकृती नव्हे.

पुढे ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ आली आणि ३१ मार्च २०१७ पर्यंत तिची सेवा मोफत राहिली. ग्राहकाचा तिने मोठा लाभ केला, हे मान्य केलेच पाहिजे. २०१४ मध्ये एक जीबी इंटरनेट सुमारे २६९ रुपयांना पडत असे, ते पुढे दहा रुपयांच्या घरात आले. जुन्या कंपन्यांनीही काही सरळ खेळ केला नाही. जिओला जोडण्या नाकारल्याबद्दल एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना मिळून ३,०५० कोटींचा दंड करावा, अशी शिफारस नियामक ट्रायने ऑक्टोबर २०१६ मध्ये केली होती. परंतु खोल खिशाच्या उद्योगसमूहाने महिनोन्‌महिने सेवा फुकट वाटली की लहान दुकाने आपोआप मिटतात. २०१८ च्या सुमारास एअरसेल दिवाळखोरीत गेली, रिलायन्स कम्युनिकेशन्स बुडाली, टाटांची मोबाइल सेवा आणि टेलिनॉर एअरटेलच्या पोटात गेल्या. ऑगस्ट २०१८ मध्ये व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या. त्यातच २४ ऑक्टोबर २०१९ रोजी समायोजित उत्पन्नाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल कंपन्यांच्या विरुद्ध गेला आणि व्होडाफोन-आयडियाचे कंबरडे मोडले. तिला जगवण्यासाठी सरकारने थकबाकीचे समभाग केले. २०२३ मध्ये ३३ टक्के आणि २०२५ मध्ये जवळजवळ ४९ टक्के हिस्सा सरकारकडे आला.

२०२५ च्या आकडेवारीत मोबाइल ग्राहकांपैकी सुमारे ४० टक्के जिओकडे आणि ३३ टक्के एअरटेलकडे होते. व्होडाफोन-आयडियाकडे १७ च्या आसपास, तर बीएसएनएलकडे आठ टक्क्यांच्या आत-बाहेर. म्हणजे चारातले तीन ग्राहक दोघांकडे. १९९५ मध्ये सरकारने ठरवून दोघांचा बाजार केला होता. आता तो बाजारानेच आपणहून केला आहे. फरक एवढाच की, तेव्हा फोन मूठभरांकडे होता आणि आज त्यावाचून साऱ्यांचे अडते.

आखाताचा आरसा

दोघांचा बाजार कसा चालतो, हे पाहायला आखाताकडे दृष्टी टाकावी. महाराष्ट्रातली, विशेषतः कोकणातली हजारो मुले तेथे नोकरीला आहेत. संयुक्त अरब अमिरातीत १९७६ पासून एतिसलातचा एकाधिकार होता. २००७ मध्ये डू ही दुसरी कंपनी मोबाइल सेवेत उतरली. परंतु दोन्हींच्या मालकीत सरकारी संस्थांचाच मोठा वाटा. परिणामी दुकानावरची पाटी दुसरी लागली, गल्ला एकच राहिला. व्हॉट्सॲपवरून घरी फोन करण्याची सोय भारतातल्या शाळकरी पोराला फुकट मिळते, ती दुबईतल्या कामगाराला वर्षानुवर्षे नाकारली गेली. कारण उघड होते. फुकट संभाषण सुरू झाले तर महागड्या आंतरराष्ट्रीय कॉलचे उत्पन्न बुडणार.

ओमानने वेगळा, पण संथ मार्ग घेतला. तेथे २००२ मध्ये नियामक संस्था आली, २००५ मध्ये ओमानटेलला नवरस ही पहिली स्पर्धक मिळाली. तिसरी कंपनी येण्यास मात्र २०२२ उजाडले. बहारीनने २००३ मध्ये दुसरी आणि २०१० मध्ये तिसरी कंपनी आणली. सौदी अरेबियात २००५ मध्ये दुसरी आणि २००८ मध्ये तिसरी आली. तेलाच्या पैशावर चालणाऱ्या, राजेशाही असलेल्या देशांनाही हळूहळू तिसऱ्या दुकानाची गरज पटली. आणि जगातील सर्वात मोठी लोकशाही मात्र चाराकडून दोनाकडे निघाली आहे. ही दिशा उलटी आहे.

बीएसएनएल : घरचा बैल

या साऱ्यात सर्वाधिक हळहळ वाटावी अशी कथा बीएसएनएलची आहे. जे खेडे फायद्याचे नाही तेथे खासगी कंपनी शेवटी जाते. बीएसएनएल पहिल्यांदा गेली. परंतु ज्या बैलाच्या खांद्यावर शेत, त्यालाच वैरण नाही, अशी तिची गत झाली. २००६ ची साडेचार कोटी जोडण्यांची निविदा वादात आणि न्यायालयात अडकली आणि शेवटी मोठ्या प्रमाणात कापली गेली. २०१० मध्ये ९.३ कोटी जोडण्यांची निविदाच रद्द झाली. त्याच वर्षी ३जी आणि वायरलेस ब्रॉडबँडच्या ध्वनिलहरींसाठी तिच्याकडून सुमारे १८,५०० कोटी रुपये वसूल केले गेले. कोणत्या लहरी हव्यात हे निवडण्याचे स्वातंत्र्य मात्र तिला नव्हते. खासगी कंपन्यांनी २०१२ मध्ये ४जी सुरू केले, बीएसएनएलला ४जीच्या लहरी देण्याचा निर्णय २०१९ मध्ये झाला. सात वर्षे एका पायाने पळायला लावून मग हरल्याबद्दल दोष द्यायचा, हा न्याय नव्हे. अर्थात कंपनीतील सुस्ती, तक्रारदाराला टोलवण्याची वृत्ती आणि अवाढव्य आस्थापना यांचा दोषही झाकता येत नाही. २०२० मध्ये ७८ हजारांहून अधिक कर्मचारी स्वेच्छानिवृत्त झाले. ते ओझे उतरले, पण तारा जोडणारे अनुभवी हातही गेले.

सुदैवाने चित्र थोडे पालटू लागले आहे. २०१९, २०२२ आणि २०२३ मध्ये केंद्राने तीन मोठी पुनरुज्जीवन पॅकेजे दिली. चिनी यंत्रसामग्री नको, या निर्धाराने २०२० मध्ये जुनी निविदा रद्द करून टीसीएस, तेजस आणि सी-डॉट यांच्याकडून स्वदेशी ४जी तंत्र उभे केले गेले. त्यासाठी पाच वर्षे गेली. ग्राहक गमावून ही किंमत मोजावी लागली. परंतु २७ सप्टेंबर २०२५ रोजी ओडिशातील झारसुगुडा येथून पंतप्रधानांनी सुमारे ९७,५०० मनोऱ्यांचे लोकार्पण केले, तेव्हा स्वतःचे ४जी तंत्र असलेल्या मोजक्या देशांत भारत जाऊन बसला. ऑक्टोबर-डिसेंबर २०२४ या तिमाहीत बीएसएनएलने २६२ कोटींचा नफा दाखवला, तो सतरा वर्षांनंतरचा पहिला. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर त्या एका महिन्यात सुमारे २९ लाख ग्राहक तिच्याकडे वाढले. तेव्हा तिची ४जी सेवा देशाच्या बहुतेक भागात नव्हती. तरीही लोक गेले. लोकांना पर्याय किती हवा आहे, हे याहून स्पष्टपणे कोणते सर्वेक्षण सांगणार?

काटा तपासणारा हवा

प्रश्न उरतो तो करायचे काय, हा. उदारीकरण मागे फिरवावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. ट्रंक कॉलच्या दिवसांकडे परत जाणे कोणालाच नको आहे. परंतु बाजार खुला करून सरकारची जबाबदारी संपते, हा समज सोडून दिला पाहिजे. बाजार खुला करणे हे एका दिवसाचे काम. तो खुला ठेवणे हे रोजचे.

पहिली गोष्ट, बीएसएनएलला खऱ्या अर्थाने चौथी कंपनी म्हणून उभे राहू द्यावे. मनोरे उभारून भागत नाही. वीज गेल्यावर बॅटरी चालली पाहिजे, तक्रार केल्यावर माणूस आला पाहिजे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूर जिल्ह्याने वीज आणि संपर्क एकाच वेळी तुटण्याचा अनुभव घेतला आहे. दुसरी गोष्ट, व्होडाफोन-आयडियातील जवळजवळ निम्मा हिस्सा सरकारकडे आहे. तिच्याबाबत थकबाकीदाराच्या नजरेने न पाहता स्पर्धेच्या हितासाठी ठोस निर्णय घ्यावा. ती जगवायची की अन्य समर्थ चालकाकडे द्यायची, हे ठरवावे. कुजत ठेवू नये. उपग्रहामार्फत इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकशीही मार्च २०२५ मध्ये एअरटेल आणि जिओ या दोघांनीच करार केले, ही घटनाही डोळ्यांआड करता कामा नये.

तिसरी गोष्ट नियामकाची. ट्रायने काही चांगली पावले उचलली आहेत. प्रत्येक कंपनीने ३० दिवसांची किमान एक योजना द्यावी, असा आदेश तिने जानेवारी २०२२ मध्ये दिला. इंटरनेट नको असलेल्यांसाठी फक्त बोलणे आणि एसएमएस यांच्या वेगळ्या योजना असाव्यात, असे डिसेंबर २०२४ मध्ये बजावले. परंतु आदेशाच्या अक्षराचे पालन होते आणि आशय हरवतो, असा अनुभव आहे. एक उदाहरण पुरेसे आहे. सेवा २४ तासांहून अधिक खंडित राहिली तर ग्राहकाला भरपाई देण्याचा नियम २०२४ मध्ये झाला. पण मोजमापाचे एकक ठरले जिल्हा. मुरगूडचे मनोरे बंद पडले आणि कोल्हापूर शहर चालू असले, तर नियमाच्या लेखी काही घडलेलेच नाही. रिचार्ज मात्र मुरगूडकरही पूर्ण भरतो. दर देशभर एक असेल, तर सेवेचे मोजमापही गावागणिक झाले पाहिजे. निदान तालुका हे एकक धरावे आणि त्याचे आकडे मराठीत, ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत.

चौथी गोष्ट ग्राहकांनी करायची आहे. २० जानेवारी २०११ पासून देशभर क्रमांक न बदलता कंपनी बदलता येते. हा हक्क वापरला नाही तर तो गंजतो. ऊस कोणाला घालायचा याचा विचार करणारा शेतकरी रिचार्ज कोणाचा मारायचा याचा विचार करत नाही, हे त्याच्या शहाणपणाला शोभत नाही. ग्राहक पंचायतीसारख्या संघटनांनी हा विषय शहरांपुरता न ठेवता तालुक्याच्या गावी न्यावा.

स्वातंत्र्यानंतर चार दशके सरकारी मक्तेदारीने माणसाला रांगेत उभे केले. नंतरच्या दोन दशकांत स्पर्धेने ती रांग मोडली. आता रांग नाही, पण दारे बंद होऊ लागली आहेत. ती मिटण्याआधी पाचर घालणे सोपे असते. मिटल्यावर उघडायला पुन्हा चार दशके लागतात, हे या देशाने एकदा अनुभवले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेने नवा दूरसंचार कायदा मंजूर करून १८८५ च्या इंग्रजी कायद्याला निरोप दिला. त्या कायद्याने दिलेले अधिकार ग्राहकाच्या बाजूने वापरले गेले नाहीत, तर एका मक्तेदारीतून निघून दुसऱ्या मक्तेदारीत शिरलो, एवढीच नोंद इतिहासात होईल.